गोंग वाजून गेल्यावर

सोतोचा चमचा तोंडाशी गेला आणि मुर्तिनाहचा हात तिथंच थांबला. रस्सा कढत होता, लिंबू पिळून झालं होतं, सकाळची भूकही होती. पण टपरीवालीच्या पापडांच्या बरणीला टेकून ठेवलेल्या फोनमधून जे काही आलं, त्यानं तिला घास घेऊ दिला नाही. तसं गाणं मघापासून चाललंच होतं. बाजारात, बसमध्ये, न्हाव्याकडे, जाल तिथं वाजणारं तेच ते कोप्लो, कीबोर्डचं किरकिरणं आणि ढोलकीचा धुडगूस. अशा वेळी कान मिटायची मुर्तिनाहची आपली एक युक्ती होती. ती आपल्या उजव्या गुडघ्याचा विचार करायची. गुडघा दुखायचाच, त्यामुळे विचाराला तोटा नसायचा. पण आता एकाएकी ढोलकी थांबली. नुसता बाईचा आवाज उरला. ओळीचा शेवटचा शब्द आला, कीबोर्डनं आपला सूर देऊन टाकला, आणि बाई मात्र आली नाही. ती मागे रेंगाळली. मग मधेच श्वास तुटला, जिन्याची एक पायरी चुकावी तसा, आणि खालून कुठून तरी आवाज उचलून ती त्या सुरावर येऊन बसली. उशिरा. सगळं होऊन गेल्यावर. मुर्तिनाहच्या मनात पहिला शब्द आला तो 'चोर' असा. कुणीतरी मेलीनं माझा श्वास चोरला!

कारण तो श्वास तिचाच होता, आणि तो कुठल्या दिवशी जन्मला हे जगात फार तर दोन माणसांना ठाऊक होतं. रेडिओवर थेट कार्यक्रम होता. स्टुडिओत गामेलानचा अख्खा वाद्यमेळ मांडलेला, तिला सातवा महिना, आणि पाय मुडपून बसायचं म्हणजे पोट थेट फासळ्यांत. गाणारीनं गोंग वाजल्यावर यायचं, हा तिथला नेम. गोंगाच्या ठोक्याबरोबर जी पोहोचते ती गावंढळ. जी गोंग घुमून द्यायची, त्याला पुरतं पुढं जाऊ द्यायची आणि मग सावकाश मागनं यायची, ती गाणारी. तर मुर्तिनाह अशी मागनं येत होती, सूर ताणून धरला होता, आणि पोटातल्या पोरीनं नेमकी तेव्हाच लाथ मारली. श्वास गेला. सूर मधोमध तुटला. तिनं कसाबसा खालून श्वास उचलला आणि ओळ पुरी केली. मागे गोंगाजवळ बसलेला विग्न्यो हसू दाबताना गदगदा हलत होता, ते तिला पाठीला डोळे असल्यासारखं कळलं. गेली नोकरी, असंच तिला वाटलं. पण आठवड्याभरात भाजीवाली विचारायला लागली, ते परवासारखं पुन्हा कधी गाणार? तिच्या गुरू पोदांगबाई तेवढ्या म्हणाल्या, "बकरीला उचकी लागली होती का गं?" आणि पुढची तीस वर्षं त्याच उचकीवरून लोक डोळे मिटून सांगायचे, ही आपली मुर्तिनाह.

"कोण गं ही?" तिनं विचारलं. आवाज जरा जास्तच करडा निघाला.

टपरीवाली पोर ताट पुसता पुसता हसली. "अय्या, हिला ओळखत नाही तुम्ही, बू? अख्खं सोलो शहर वेडं झालंय हिच्यापायी. पण जाऊ द्या, तुम्हाला नाही आवडायचं. जुन्या माणसांना हे गाणं म्हणजे डोक्याला ताप."

"बघू तरी."

पोरीनं फोन फिरवला. चमचमतं पोलकं, पापण्यांवर निळा रंग, केसांचा हा एवढा डोलारा. मुर्तिनाहनं चेहऱ्याकडे पाहिलंच नाही, तिची नजर खाली गेली. बाईनं एक पाय चपलेतून काढून दुसऱ्या पायाच्या पावलावर ठेवला होता. शाळेत कविता म्हणताना तिची लेक तितिस अशीच उभी राहायची, बगळ्यासारखी, आणि मुर्तिनाह तिच्या पोटरीवर चापट मारायची. सरळ उभी राहा गं, पडशील. फोनमधली तितिस पडली नव्हती. चाळिशीची झाली होती, आवाज जड झाला होता, म्हणून तर आईलासुद्धा तो ओळखू आला नाही. सोतो निवला. मुर्तिनाहनं पैसे ठेवले आणि ती उठली, आणि पोर मागून "बू, खाल्लं नाहीत की काही!" असं ओरडत राहिली ते तिला ऐकूही गेलं नाही.

घराकडे चालताना तिला राग आठवायचा होता. हाताशी असलेली काठी शोधावी तसा ती तो मनात चाचपत होती. एवढी वर्षं सांभाळलेला राग, तो काही असा रस्त्यात टाकून द्यायचा नसतो. तिचं म्हणणं तसं साधं होतं आणि ते ती सगळ्यांना ऐकवायची. बायकांच्या महिन्याच्या भिशीत ऐकवायची, दवाखान्याच्या रांगेत ऐकवायची. आताचं गाणं वाईट आहे, आणि का वाईट आहे तर ते थांबत नाही. आमच्या वेळी गाणं माणसाची वाट बघायचं. गोंग वाजायचा आणि मग सगळे थांबायचे, तुझा श्वास जुळेपर्यंत, तुझं मन येईपर्यंत. आताच्या यंत्राला कुणाचं मन? ते चाललंय आपलं टकटक, तुम्ही यायचं तर या, नाहीतर मरा. हे ती इतक्यांदा बोलली होती की बोलताना आता विचारही करावा लागत नसे. पण आज ती टपरीवरची ओळ मधे मधे येऊन आडवी पडत होती. ढोलकी थांबली होती. ती थांबली होती, हे तर खरंच ना? की आपल्याला भास झाला? म्हातारपणी कान काहीही ऐकतात, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि ते तिला पटलं नाही.

आणि मग ते सूप आठवलंच. ते आठवू नये म्हणून तर ती राग शोधत होती. सोलोमधलं लग्न म्हणजे लोकांनी खुर्च्यांवर ओळीनं बसायचं आणि ताटं डोक्यांवरून हातोहात यायची. आधी चहा आणि गोडधोड, मग सूप, मग भात, शेवटी बर्फाचं गोड. बर्फ आला की समजायचं, चला उठा आता. बर्फाआधी उठणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर थुंकणं. अशाच एका लग्नात तितिस पहिल्यांदा कोप्लोवाल्यांबरोबर उभी राहिली. तिनं आईला सांगितलं नव्हतं; कदाचित तिला आईला चकित करायचं असेल. पोरगी घाबरलेली होती. ती बरोब्बर ठोक्यावर गायली, एकही सूर मागे राहिला नाही, जणू कुणी चाबूक घेऊन मागे लागलंय. चार माणसांनी वळून मुर्तिनाहकडे पाहिलं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं सुपाची वाटी खाली ठेवली आणि भात यायच्या आत ती उठली, सगळ्यांच्या गुडघ्यांमधून वाट काढत, मान ताठ ठेवून, आणि गेली. घरी आल्यावर लेकीला एकच वाक्य बोलली: "हा गळा नाही, मोटारसायकल आहे." तितिस सुराबायाला निघून गेली. पुढच्या ईदेला ती आली होती. पोरं थोरांच्या गुडघ्यावर डोकं टेकून वर्षभराच्या चुकांची माफी मागतात, तशी ती मागायला आली होती. मुर्तिनाह आतल्या खोलीत दार लावून झोपल्याचं सोंग घेऊन पडली. बाहेर तितिस बराच वेळ बसली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, फाटक वाजलं. तिला वाटलं होतं, पुन्हा येईल पुढच्या वर्षी, तेव्हा बघू. तितिस पुन्हा आली नाही. दहा-अकरा ईदा गेल्या. आज पहिल्यांदा मुर्तिनाहला वाटलं की आपण गोंगानंतर यायचं म्हणता म्हणता नुसतेच बसून राहिलो.

दारात सायकल टेकलेली होती आणि पायरीवर विग्न्यो बसला होता. हाच तो रेडिओचा गोंगवाला. आता दात गेले होते, गळ्यात गमछा होता, आणि न सांगता येऊन बसायची सवय मात्र तशीच होती.

"रविवारी नातवाचं लग्न. पत्रिका देऊन महिना झाला. येणार की नाही ते सांगायचं कष्ट तुला होत नाहीत, म्हणून मीच आलो."

"गाणं कुणाचं आहे?"

"गाणं?" विग्न्योनं आकाशाकडे पाहिलं. "आहे आपलं काहीतरी. आजकालच्या पोरांची निवड."

"पाक विग्न्यो, तुम्हाला खोटं बोलता येत नाही, चेहरा फुटतो तुमचा. तितिसला बोलावलंय ना?"

"बोलावलंय," तो म्हणाला. "नवऱ्यामुलाचाच हट्ट. मी फक्त नको म्हटलं नाही."

"तुम्हाला सगळं माहीत होतं. ती सोलोत येते-जाते, गाते, हेही माहीत होतं."

"दर ईदेला माझ्याकडे येते की. तुझा गुडघा कसा आहे विचारते." गमछा सारखा करून तो पुढं म्हणाला, "तुला यायचं नसेल तर नको येऊ. पण गाणं वाईट आहे म्हणून येत नाही, असं मला सांगू नकोस. मी पोदांगबाईंचं ऐकलेलं माणूस आहे."

"त्यांचं काय?"

"विसरलीस? मायक्रोफोनकडे पाठ करून बसायच्या. म्हणायच्या, ज्यांना गळा नाही त्यांच्यासाठी हे खोकं काढलंय, यानं गाण्याचं वाटोळं होणार. आणि कुणाकडे बघून म्हणायच्या? तुझ्याकडे! तू होतीस तेव्हाची मोटारसायकल."

मुर्तिनाहला हसू आलं आणि ते आल्याचा भयंकर संताप आला. "म्हणजे सगळं सारखंच? चांगलं-वाईट काही नाहीच?"

"आहे ना. पुष्कळ भिकार वाजवतात हल्ली. तेव्हाही वाजवायचे, तुझा मेहुणा काय कमी होता? त्यांची नावं विसरलो आपण, एवढंच." त्यानं गुडघ्यांवर हात टेकून स्वतःला उभं केलं. "शेवटच्या ओळीत जागा ठेवतो. दाराजवळ. पळायचं झालंच तर कुणाचे गुडघे आड यायला नकोत."

रविवारी तिनं जांभळा केबाया काढला, तो ठेवला, तपकिरी घातला, तो काढून पुन्हा जांभळा घातला. लग्नाला जायचं हे ठरलं होतं. तिथं बसता येईल का, हे ठरत नव्हतं. बसता आलं नाही तर? दुसऱ्यांदा उठलो तर तिसरी वेळ यायची नाही, हे तिला स्वच्छ कळत होतं. आणि खोटं खोटं बसून राहिलो, तर तितिसला तेही कळणार. तिचे कान आपणच तयार केलेत. हॉलमध्ये पंखे फिरत होते, नवरा-नवरी राजाराणीसारखी अवघडून बसली होती, आणि मुर्तिनाह शेवटच्या ओळीत दाराजवळ बसली. चहा आला. गोड आलं. तितिस मंचावर आली, माईक हातात घेतला, समोर नजर फिरवली आणि ती नजर दारापाशी येऊन अडकली. निळ्या पापण्या दोनदा मिटल्या. बस्स, एवढंच. मग तितिस गायला लागली. ती सरळ गात होती. ठोक्यावर, घासूनपुसून, शाळेतल्या पोरीसारखी. ढोलकीवाला, केस पिवळे केलेला एक धिप्पाड गडी, तिच्याकडे वळून वळून बघत होता, आज काय झालंय बाईला? तो श्वास नाही, ती उचकी नाही, काही नाही. हॉलभर लोक बडबडत होते. मुर्तिनाहच्या मनात आलं, हेच, हेच मी म्हणत होते. आणि त्याच क्षणी तिला वाटलं, हिला मी घाबरवलंय. त्या दिवशीही हिला कुणी चाबूक दाखवत नव्हतं. समोर मीच बसले होते.

सूप आलं. डोक्यांवरून वाट्या आल्या, तिनं आपली घेतली. चमच्यानं ढवळलं, गाजराचा तुकडा बाजूला केला. वर पाहिलं तर तितिस गाता गाता तिच्या वाटीकडे बघत होती. लोकांकडे नाही, नवरीकडे नाही, वाटीकडे. सूप किती उरलंय ते बघत होती. मुर्तिनाहनं सावकाश प्यायचा प्रयत्न केला, पण सूप ते सूप, संपलंच. आता वाटी खाली ठेवायला हवी होती. गुडघा आखडून ठणकत होता, पाय लांब करायला उभं राहावंसं वाटत होतं, आणि उभं राहिलं की संपलं. तिनं रिकामी वाटी मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवली. वाढपी आला, "बू, वाटी द्या." तिनं दिली नाही. तो बिचारा हात पुढं करून उभा. मंचावर तितिसचा सूर कापरा झाला, साफ कापरा. मग डोक्यांवरून भाताची ताटं यायला लागली. शेजारणीनं ताट पुढं केलं, मुर्तिनाहनं वाटी देऊन टाकली, ताट घेतलं आणि भात खायला सुरुवात केली. मोठा घास घेतला, सगळ्या मंचाला दिसेल असा. तिखटानं ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, तरी ती खात राहिली.

पुढचं गाणं सुरू झालं तेव्हा तितिसनं एक पाय चपलेतून बाहेर काढला. मुर्तिनाहचा घास थांबला. ओळ शेवटाकडे आली, कीबोर्डनं सूर दिला, आणि ढोलकीवाल्यानं दोन्ही हात वर उचलले आणि ते तसेच हवेत धरले. तो थांबला होता. तो पिवळ्या केसांचा गडी डोळे बारीक करून तितिसच्या तोंडाकडे बघत होता. श्वास कधी जुळतो याची वाट बघत होता, अगदी विग्न्यो बघायचा तसा. तितिस मागे रेंगाळली. श्वास तुटला. खालून उचलला, आणि ती येऊन पोहोचली, आणि हात खाली पडले, आणि अख्ख्या हॉलनं एकदम आरोळी ठोकली. लोक खुर्च्यांवर डोलत होते. पोट. स्टुडिओ. लाथ. तिला वाटलं आपल्या फासळ्यांखाली आताही काहीतरी हललं. कीबोर्ड भिकारच होता, त्याबद्दल तिचं मत इंचभरही बदललं नाही. डोक्यात खिळा ठोकावा तसा तो वाजत होता. पण गाणं थांबत नाही, हे आता तिला कुणाला सांगता आलं नसतं. आपण इतकी वर्षं जे मेलं म्हणून रडत होतो, ते इथं जांभळ्या दिव्यांखाली घाम गाळत उभं आहे, एक पाय दुसऱ्यावर ठेवून. तिला फार आनंद झाला. इतका की तो कुठं ठेवावा ते कळेना, म्हणून तिनं शेजारणीच्या ताटातला पापड उचलून खाल्ला.

मग बर्फ आला. गुलाबी सरबतातला, वर फणसाचे काप. लोकांनी भराभरा संपवला, कारण बर्फाचा अर्थ सगळ्यांना पाठ होता. खुर्च्या सरकल्या, ओळीच्या ओळी उठल्या, नवरा-नवरीचे हात हातात घेऊन माणसं दाराकडे निघाली. दाराजवळच बसल्यामुळे सगळं लग्न मुर्तिनाहच्या अंगावरून गेलं. "चला ना, बू," शेजारीण म्हणाली. "तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली. विग्न्यो जाताना थांबला, काहीतरी थट्टा करणार होता, मग नुसता गमछ्यानं तोंड पुसून पुढं गेला. हॉल रिकामा झाला. पोरं खुर्च्या दुमडायला लागली, मंचावर वायरी गुंडाळणं सुरू झालं. मुर्तिनाह आपल्या खुर्चीत, गुडघा लांब करून, वितळलेला बर्फ हातात धरून बसली होती.

तितिस मंचावरून खाली आली. चपला हातात होत्या. दोन खुर्च्यांचं अंतर ठेवून ती थांबली.

"इबू. बर्फ येऊन गेला."

"दिसलं मला."

"सगळे गेले."

"जाऊ देत." मुर्तिनाहनं वाटी खाली ठेवली. जे बोलायचं ठरवून आली होती त्यातलं एकही वाक्य सापडेना. "तो कीबोर्ड फार टोचतो कानाला."

तितिस हसली. "माहीत होतं मला, तुम्ही हेच म्हणणार."

"ढोलकीवाला चांगला आहे."

"काय?"

"चांगला आहे म्हटलं. थांबतो." मग श्वास घेऊन ती म्हणाली, "त्या ईदेला मी जागी होते, तितिस."

तितिसनं चपला खाली टाकल्या, पुढं आली, जमिनीवर बसली आणि आईच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. नेमका उजव्या, दुखऱ्या गुडघ्यावर. मुर्तिनाहनं हूं का चूं केलं नाही. केसांचा तो डोलारा हाताला राठ लागत होता, कसलासा फवारा मारलेला. तिनं तरी त्यावरून हात फिरवला. मग ती म्हणाली, "मधलं ते एकदा म्हण. यंत्राबिंत्राशिवाय."

पिवळ्या केसांच्या गड्यानं बांधलेली ढोलकी पुन्हा सोडली. तितिस गुडघ्याशी बसूनच गायली, हळू आवाजात. ओळ संपत आली, श्वास तुटला, ती पोहोचली.

"लवकर आलीस," मुर्तिनाह म्हणाली.

"अजून उशिरा?" तितिसनं डोळे पुसले. "इबू, याच्यापेक्षा उशीर केला तर ऐकणारे उठून जातील."

"थांब की जरा. मी कुठं जातेय?"